‘पुढच्या दोन वर्षांचं नियोजन काय?’

मंडळी, जरा मोठं लिहितोय. निवांत असाल तेव्हाच वाचा.

न्हावऱ्यात माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पोलीस भरती, तलाठी भरती, चारित्र्य पडताळणी, असं सगळं. पंधरा वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय, त्यामुळं कुठल्या फॉर्मात कुठला रकाना कुठं असतो ते झोपेतही सांगेन. पण रकाना तिथं का आहे, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला लावलं माझ्या भाचीनं.

पोरगी डिप्लोमा झालेली, दीड वर्षापूर्वी लग्न झालं, सासर इथंच जवळ. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला जागा निघाल्या म्हणून गेली. भरती ठेकेदारामार्फत. (कुठला ठेकेदार, कुठली कंपनी, ते विचारू नका.) तिथून तिनं मला फॉर्मचा फोटो पाठवला. नाव, गाव, शिक्षण, मागच्या पगाराची स्लिप. त्याखाली लग्न झालं का, कधी झालं, मुलं किती, सध्या गरोदर आहे का. आणि शेवटी जे लिहिलं होतं ते वाचून मी चष्मा पुसला: ‘पुढील दोन वर्षांचे कौटुंबिक नियोजन.’

फोन आला. “मामा, काय लिहू? खरं लिहिलं तर घेणार नाहीत. खोटं लिहिलं आणि उद्या कळलं तर काढतील.”

मला उत्तर देता आलं नाही. “रिकामं सोड,” म्हणालो. तिनं सोडलं. नंतर बोलावणं काही आलं नाही. कशामुळं आलं नाही, ते कोण सांगणार? कागदावर कारण कुणी लिहीत नाही. या सगळ्या खेळाची गंमत तिथंच आहे.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. असं विचारायला कायद्यानं बंदी आहे का? असेल तर कधीपासून, कुणामुळं? जे हाती लागलं ते सांगतो. मी वकील नाही, चुकलो तर कमेंटमध्ये कान धरा.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करावी लागेल. १९२८ च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक चर्चेला होतं. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सभासद होते आणि त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. लोकांचं आरोग्य जपणं हे मुळात सरकारचं काम, त्यामुळं या खर्चातला वाटा सरकारनं उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण जो मालक बाईच्या कामावर नफा कमावतो त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असा त्यांचा एकूण रोख होता. १९२९ साली कायदा झाला, देशातला असा पहिलाच. पैसे मात्र मालकाच्या खिशातून द्यायचे ठरले.

आता मालकाच्या डोक्यानं विचार करा. बाळंतपणाचे पैसे आपण द्यायचे म्हटल्यावर सगळ्यात स्वस्त उपाय कुठला? लग्नाची, पोरंबाळं व्हायच्या वयाची बाई घ्यायचीच नाही. किंवा दिवस गेल्याचं कळलं की भत्त्याचा हक्क लागू व्हायच्या आत काढायची. गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण पुढच्या दशकांत घटतच गेलं. त्याला नवी यंत्रं, रात्रपाळीची बंदी अशी इतरही कारणं होती, सगळं खापर एका कायद्यावर फोडता येणार नाही. पण मालकाला प्रश्न विचारायचं कारण त्या वर्षी मिळालं, हे माझं मत आहे.

पुढं कितीतरी वर्षं विचारायचीही गरज नव्हती, कारण नियमच लेखी असायचे. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबलिंगच्या खात्यातल्या मुलीनं लग्न केलं की तिची नोकरी आपोआप संपायची. बॉम्बे लेबर युनियननं ते प्रकरण १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. कंपनीचं म्हणणं असं की इथं गटानं काम चालतं, आणि लग्न झालेल्या बायका खाडे जास्त करतात. कोर्टाला ते पटलं नाही, नियम रद्द झाला. ‘खाडे’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

परराष्ट्र सेवेत तर बाईला लग्न करायला सरकारची लेखी परवानगी लागायची. १९४९ साली त्या सेवेत आलेल्या पहिल्या महिला, सी. बी. मुथम्मा, तीस वर्षं नोकरी करून १९७९ साली कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांवर फार कडक शब्दांत लिहिलं. १९८१ साली एअर इंडियाच्या हवाई सुंदऱ्यांचा खटला आला. नियम असा की पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी संपली. तो कोर्टानं रद्द केला. पण नोकरीला लागल्यापासून चार वर्षांत लग्न करायचं नाही, हा नियम ठेवला. त्यात कुटुंब नियोजनाचा फायदाही कोर्टाला दिसला. म्हणजे भाचीच्या फॉर्मातला तो ‘नियोजन’ शब्द काही आजचा नाही.

आता मुख्य खटला. हा वाचून मी दुकानात एकटाच बसून राहिलो होतो.

दिल्लीच्या नीरा माथुर. आयुर्विमा महामंडळात, म्हणजे आपल्या एलआयसीत, असिस्टंटच्या जागेसाठी लेखी परीक्षा पास, मुलाखत पास. मे १९८९ मध्ये त्यांना एक घोषणापत्र भरायला दिलं. त्यात लग्न झालं का, नवऱ्याचं नाव, धंदा, मुलं किती, इथपर्यंत ठीक म्हणू. पुढं असं विचारलेलं: पाळी नियमित येते का, त्रास होतो का, किती वेळा दिवस गेले, त्यातले किती पूर्ण गेले, शेवटची पाळी कुठल्या तारखेला आली, आत्ता दिवस आहेत का, आधीचं बाळंतपण कधी, गर्भपात झालाय का. नोकरी कसली, तर टेबलावर बसून विमा पॉलिसीचे कागद बघायची!

त्यांनी सगळं भरलं. त्याच दिवशी महामंडळाच्या लेडी डॉक्टरनं तपासलं आणि तब्येतीनं योग्य ठरवलं. सप्टेंबरमध्ये सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर नेमणूक झाली. डिसेंबरात रजा घेतली, जानेवारी १९९० मध्ये बाळंत झाल्या. फेब्रुवारीत, मूल महिन्याचं असताना, कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. पत्रात कारण नाही, प्रोबेशनवरच्या माणसाला कारण सांगावं लागत नाही. कोर्टात गेल्यावर मात्र महामंडळानं कारण काढलं: बाईंनी खोटं लिहिलं. फॉर्मात शेवटच्या पाळीची तारीख २९ एप्रिल लिहिली होती, आणि बाळंतपण झालं त्या दवाखान्याच्या नोंदीत होती ३ एप्रिल.

सव्वीस दिवसांचा फरक. तेवढ्यावर नोकरी.

दिल्ली उच्च न्यायालयात त्या हरल्या. सर्वोच्च न्यायालयात ३१ ऑक्टोबर १९९१ ला निकाल लागला आणि त्यांना परत कामावर घ्यायचा आदेश झाला. कोर्टाच्या म्हणण्याचा मतितार्थ असा की खरी चूक बाईंच्या उत्तरात नाही, विचारलेल्या प्रश्नांतच आहे. हे रकाने बाईमाणसाला संकोचात टाकणारे आणि कमीपणा आणणारे आहेत. लाजेपोटी, स्वाभिमानापोटी कुणी खरं लिहिणार नाही. महामंडळानं हे रकाने फॉर्ममधून काढून टाकावेत. मालकानं काय विचारू नये, हे आपल्या देशात इतकं स्पष्ट सांगणारा याआधीचा निकाल मला तरी सापडला नाही. इतकी वर्षं वाद असायचा तो कामावरून काढण्याचा. हा वाद एका रकान्याचा होता.

इथं मी थांबलो असतो तर पोस्ट छान झाली असती. पण त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे, आणि ते वगळून तुम्हाला गोष्ट सांगणं लबाडी होईल. कोर्ट पुढं असं म्हणतं की, नोकरीत येतानाच गरोदर असलेल्या बाईला बाळंतपणाची रजा नाकारायची, असा जर महामंडळाचा हेतू असेल, तर ते तिची गरोदरपणाची तपासणी करून घेऊ शकतं. आणि असा हेतू कायदेशीर आहे की नाही यावर आम्ही मत देत नाही, कारण तो मुद्दा आमच्यापुढं कुणी मांडलेला नाही.

म्हणजे प्रश्न गेला आणि तपासणी राहिली. पाळीची तारीख विचारू नका, पण लघवी तपासा!

याचा परिणाम बघायला लांब जायला नको. स्टेट बँक घ्या, जिचं मुख्यालय मुंबईला आहे. २००९ पासून सहा महिन्यांपर्यंतच्या गरोदर उमेदवाराला तिथं रुजू होता यायचं. ३१ डिसेंबर २०२१ ला बँकेनं नवं परिपत्रक काढलं: तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस असतील तर उमेदवार ‘तात्पुरती अपात्र’, बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत यावं. बोंबाबोंब झाली, दिल्ली महिला आयोगानं नोटीस दिली, संघटना उठल्या. २९ जानेवारी २०२२ ला बँकेनं ते मागं घेतलं. नीरा माथुरच्या निकालाला तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती. एका महिन्यात मागं घेतलं हे चांगलंच, पण ते काढावंसं वाटलं कुणाला तरी, हेही खरं.

तब्येतीच्या बाबतीत आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ साली जो निकाल दिला, तो मला यापेक्षा सरळ वाटतो. एक हंगामी कामगार. एका सरकारी कंपनीत वर्षानुवर्षं रोजंदारीवर काम करत होता, कायम करायची वेळ आली तेव्हा वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला आणि यादीतून नाव उडालं. कोर्टानं त्याला नाव लपवून खटला चालवू दिला. म्हणून निकालपत्रावर कामगाराचं नाव ‘एमएक्स’ आणि कंपनीचं ‘झेडवाय’. कोर्टानं विचारायचं तेच विचारलं: हा माणूस हे काम करू शकतो का? त्याच्यामुळं दुसऱ्याला खराखुरा धोका आहे का? काम करू शकतो आणि धोका नाही, तर नुसत्या आजारावरून नाकारता येणार नाही. वीस वर्षांनी, २०१७ साली, एचआयव्हीचा कायदा झाला. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करायला आता लेखी बंदी आहे.

माझ्या दुकानात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र पोरांचा असतो. “भाऊ, आंदोलनात नाव आलं होतं, केस मिटली. ‘गुन्हा दाखल आहे का’ तिथं काय टाकू?” त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, २०१६, सर्वोच्च न्यायालय. स्पष्ट विचारलं असेल तर खरंच लिहायचं, लपवलं तर नोकरी जाऊ शकते. पण रकाना मोघम असेल तर न विचारलेलं सांगितलं नाही म्हणून शिक्षा नाही. आणि कोवळ्या वयात घोषणा दिल्या अशा किरकोळ प्रकरणावरून नोकरी द्यायची की नाही, याचा वरिष्ठांनी डोकं वापरून विचार करावा. तेव्हा पोरांनो, रकाना दोनदा वाचा. ‘दाखल आहे का’ आणि ‘कधी दाखल झाला होता का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता भाचीकडं परत येतो. कारण हे सगळे खटले बघा: एलआयसी, परराष्ट्र खातं, एअर इंडिया, सरकारी कंपनी. संविधानातलं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. रांजणगावच्या ठेकेदाराला ते सरळ लागू होत नाही. त्याला लागू होता तो १९७६ चा समान वेतन कायदा. त्याच्या पाचव्या कलमात भरती करताना बाई म्हणून भेदभाव करायला मनाई होती. हीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत घेतली आहे. पण भेदभाव करू नका म्हणणं वेगळं आणि विचारू नका म्हणणं वेगळं. विचारायला मोकळीक ठेवली की उत्तराचा वापर केला हे सिद्ध कोण करणार? २०२४ च्या जूनमध्ये तमिळनाडूतल्या फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात लग्न झालेल्या बायकांना घेत नाहीत अशी रॉयटर्सची बातमी आली. केंद्रानं याच पाचव्या कलमाचा दाखला देऊन राज्याकडून अहवाल मागवला, कंपनीनं आरोप नाकारला.

बाहेरच्या देशांनी हा गुंता मुळातून कापलाय. इंग्लंडमध्ये २०१० च्या समता कायद्यानुसार नोकरी देऊ करण्याआधी मालकानं तब्येतीबद्दल विचारायचं नाही, मोजके अपवाद सोडून. जर्मनीत तर त्यांच्या वरच्या कामगार न्यायालयानं १९९२ मध्ये ठरवलं की गरोदर आहे का हा प्रश्नच साधारणपणे बेकायदा आहे. आणि बेकायदा प्रश्नाला बाईनं खोटं उत्तर दिलं, तर तेवढ्यावरून तिला काढता येत नाही. खोटं बोलायचा हक्क! नीरा माथुरांचा निकाल आणि हा, दोन्हींत एका वर्षाचं अंतर. भाचीला हे सांगितलं तर हसली. म्हणाली, “मामा, आपल्याकडं खरं बोलायचा हक्क मिळाला तरी बास.”

यात एक गोष्ट मला खरंच कळत नाही. भाचीची ती नोकरी सतरा हजारांची होती. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआयसी लागू असलेल्या कामगाराच्या बाळंतपणाचे पैसे ईएसआयसी देते, मालक नाही. मालक दर महिन्याला हप्ता भरतो तेवढंच, आणि तो बापे कामाला ठेवले तरी भरावाच लागतो. म्हणजे १९२८ साली जी अडचण होती, सगळा भार मालकावर पडण्याची, ती या पगाराच्या बायकांपुरती १९४८ च्या ईएसआय कायद्यानं बरीचशी सोडवली. मग ठेकेदाराला भीती कसली? सव्वीस आठवडे दुसरं माणूस शोधायची. खाड्याची.

आणि खाडा म्हटलं की मला कारखान्याच्या गाळपाचे दिवस आठवतात. घोडगंगेचं गाळप जोरात असायचं तेव्हा शिवारात ऊसतोड्यांच्या कोप्या पडायच्या. बीडकडच्या टोळ्या यायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर. शाळेत असताना आम्ही त्या कोप्यांवरून जायचो, पहाटे चारला बाया मोळ्या वाहताना दिसायच्या, पोटुशा बायासुद्धा. ते काही फार वाईट आहे असं तेव्हा वाटलं नाही, हे कबूल करतो.

२०१९ मध्ये बीडच्या बातम्या आल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका तिशीच्या आतबाहेर ‘पिशवी’ काढून घेत होत्या. पाळीत एक दिवस जरी बसलं तर मुकादम खाडा लावतो, पाचशे रुपये कापतो. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांच्या आसपास ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाजगी दवाखान्यांचा लोभ, पाणी-संडासाची सोय नसणं, लहान वयातली लग्नं अशी बरीच कारणं त्यात मिसळलेली आहेत. पण पिशवी काढलेली बाई असलेला कोयता मुकादमाला बरा वाटतो, हे त्या बायकांनीच सांगितलं.

मुकादमाकडं फॉर्म नसतो. घोषणापत्र नाही, रकाने नाहीत, सही नाही. उचल देताना तो नवऱ्याला विचारतो, आणि नवरा सांगतो. कोर्टानं काढून टाकायला तिथं काही कागदच नाही.

भाचीच्या फॉर्मात आणि मुकादमाच्या प्रश्नात मला फरक दिसला तो एवढाच. तिच्याकडं फोटो आहे.

परवा दुसऱ्या एका कंपनीतून तिला बोलावणं आलंय. जाण्याआधी दुकानात आली होती. नीरा माथुर निकालाची पानं मी तिला छापून दिली, दोन रुपये पान, मामा असलो तरी. असला रकाना दिसला तर आम्ही ठरवलंय की रिकामा सोडायचा नाही. ‘कामाशी संबंध नाही’ असं लिहायचं, तारीख टाकायची आणि फोटो काढायचा. तिच्या सासूला हे फारसं पटलेलं नाही. “नोकरी पाहिजे का भांडण?” असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचंही चुकीचं नाही.

शिरूर, दौंड, चाकण, कुठल्याही एमआयडीसीतल्या भरतीत असा फॉर्म तुम्हाला मिळाला असेल, तर नाव-नंबर झाकून फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. कंपनीचं नावही झाकलं तरी चालेल, मला रकाने बघायचेत. ऊसतोडीच्या उचलीचे करार कुणाकडं लेखी असतील तर तेही पाठवा. पुढच्या महिन्यात कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात निवेदन द्यायचंय, त्याला जोडायला कागद हवेत.